हौशी बँड सोडायचा की नाही, हे कसं ठरवायचं

मी बेस गिटार वाजवतो. नोकरी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत, शिफ्टची. रविवारी संध्याकाळी आणि जमलं तर बुधवारी रात्री मानेवाड्यात एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस असते. सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी, थोडी मराठी, मागणी आली तर भीमगीतंही. याआधी एका बँडमध्ये होतो, तो सोडला. या बँडमध्येही एकदा सोडायची वेळ आली होती, पण राहिलो. त्यामुळे असेल, ओळखीतले पोट्टे येतात आणि विचारतात, "दादा, बँड सोडू का?" प्रत्येकाला तेच तेच सांगून राहिलो होतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

हे फक्त हौशी लोकांसाठी आहे. ज्यांचं घर ऑर्केस्ट्रावर चालतं त्यांना सुपारी किती आणि तारखा किती हे पाहावं लागतं, आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र येतात त्यापेक्षा जास्त पैसे जातात. पैशाचं कारण नाही, करार नाही, साहेब नाही. म्हणूनच बाहेर पडणं नोकरी सोडण्यापेक्षा अवघड वाटतं.

ठरवायला बसायचं कधी

गणपतीनंतर लगेच नाही. गणपती ते कोजागिरी या काळात सोसायट्या आणि मंडळांचे कार्यक्रम असतात आणि त्यात प्रत्येकाचा एकदा तरी संताप होतोच. साउंडवाला उशिरा येतो. अध्यक्षांच्या भाच्याला दोन गाणी म्हणायची असतात. पाहुण्यांचं भाषण लांबतं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तुमचा कार्यक्रम नेमका त्या दिवशी नसतो. महिनाभर घोटलेली गाणी तशीच राहतात आणि तुम्ही केबल गुंडाळत बसता. त्या रात्री कोणालाही विचारा, तो बँड सोडायलाच निघालेला असतो.

मे महिनाही बाद. वर टिनाचं छत, बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये घरघर आणि बंद केला तर माणसं घामाने निथळतात. अशा खोलीत सख्खे भाऊही भांडतील.

माझ्या मते बरा काळ म्हणजे दिवाळी आटोपल्यावर, डिसेंबरातली स्नेहसंमेलनं सुरू व्हायच्या आधी. हवा बरी असते, तारखा कमी असतात आणि तुम्ही निघालात तरी कोणाची ऐनवेळी फजिती होत नाही.

गाणी सोडा, मधला वेळ ऐका

एका प्रॅक्टिसला सगळ्यांना सांगून मोबाईल खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू राहू द्या. गाणं संपलं की बंद करायचं नाही. दुसऱ्या दिवशी एकट्याने, हेडफोन लावून ऐका. गाणी पुढे ढकला. गाण्यात कोण कुठे घसरतं हे सगळ्यांनाच माहीत असतं, त्याच्यासाठी रेकॉर्डिंग लागत नाही. दोन गाण्यांच्या मधला वेळ ऐका.

आधी हिशोब करा की तीन तासांत वाजवणं किती झालं. आमच्याकडे कधीकधी एक तासही धड होत नाही. ड्रमर उशिरा, कीबोर्डवाला टोन शोधतोय, गायकाला फोन, चहा कोण आणणार. याच्यात वाईट काही नाही, लोक भेटायलाही येतात. पण तुम्हाला वाजवायचं असेल आणि बाकीच्यांना भेटायचं असेल, तर हा फरक आकड्यात दिसतो आणि मग कोणावर चिडायचं कारण उरत नाही.

मग गाणं फसल्यावर तोंडातून निघालेलं पहिलं वाक्य ऐका. "पुन्हा घेऊ" की "तू चुकला बे"? एखाद्याने नवीन गाणं सुचवलं की काय होतं? कोणी लगेच मोबाईलवर लावतं की सगळे गप्प होतात आणि विषय तिथेच मरतो?

आणि तुमचा स्वतःचा आवाज शोधा. मी जो बँड सोडला त्यातलं एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात गाण्यांच्या मध्ये सगळे बोलतात, हसतात, भांडतात. माझं म्हणून जे काही ऐकू येतं ते फक्त ट्यूनिंग. ई, ए, डी, जी. पुन्हा ई. तार जुळलेली असतानाही मी ती जुळवत बसलो होतो, कारण बोलायला काही नव्हतं. कोणी मला वाईट वागवत नव्हतं. मी तिथे नव्हतोच. त्या रेकॉर्डिंगने माझं काम सोपं केलं.

आता ज्या बँडमध्ये आहे तिथलं रेकॉर्डिंग ऐकलं तर मीच सगळ्यात जास्त कटकट करताना सापडतो. कटकट करणारा माणूस अजून आत असतो.

बॅग उघडली का

दुसरी कसोटी घरातली. दोन प्रॅक्टिसच्या मध्ये वाद्याची बॅग उघडली का?

नागपुरात हे वाद्यच सांगतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड सुकतं, गिटारची मान मागे झुकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) तारा खरखरतात. जुलैत दमट हवा सुरू झाली की उलट होतं, मान पुढे ओढली जाते, तारा बोटांपासून उंच वाटतात आणि पुसून ठेवल्या नाहीत तर त्यांवर गंज चढतो. रोज हातात घेणाऱ्याला हा बदल हळूहळू कळतो आणि तो ॲलन की (षटकोनी चावी) घेऊन मानेतला, मान सरळ ठेवणारा रॉड थोडा फिरवून घेतो. तुम्हाला ही खरखर थेट प्रॅक्टिसच्या खोलीत, सगळ्यांसमोर कळली, तर समजा की मधल्या दिवसांत तुम्ही वाद्याला हात लावलेला नाही.

मुलाची परीक्षा, नाइट शिफ्ट, घरात आजारपण असेल तर तो महिना मोजू नका. पण वेळ होता आणि तरी बॅग उघडली नाही, तर आणखी एक प्रश्न विचारा: बँडची गाणी सोडून दुसरं काही वाजवलं का? वाजवलं असेल तर तुम्ही बँडला कंटाळला आहात. काहीच वाजवलं नसेल तर घाई करू नका. दमलेला माणूस दुसऱ्या बँडमध्ये जाऊनही दमलेलाच राहतो.

घरच्यांनाही विचारा. बायको मला म्हणाली होती, "तुम्ही कोणत्या मूडमध्ये आले ते मला गाडी स्टँडवर लावायच्या आवाजावरून समजते." तिला गाण्यातलं काही कळत नाही असं तीच म्हणते, पण तिचं निदान चुकत नाही.

तक्रार नेमकी कोणती

"मजा येत नाही" ही तक्रार नाही, तिच्यावर कोणी काही करू शकत नाही. कागदावर लिहा आणि एकेक वेगळी करा.

उशीर, प्रॅक्टिसचा वार, अंतर, चहाचे पैसे या गोष्टी बोलून सुटतात. त्यांच्यासाठी बँड सोडू नये. वाडीहून मानेवाड्याला रिंग रोडने अँप (वाद्याचा आवाज मोठा करणारा डबा) घेऊन येणाऱ्याला खरोखर त्रास होतो, पण त्याला उपाय म्हणजे अँप खोलीतच ठेवणं.

हिशोबाची गोष्ट वेगळी. खोलीचं भाडं, साउंडचा खर्च, मिळालेलं मानधन हे सगळं वहीत लिहिलेलं असावं आणि ती वही बँड चालवणाऱ्याकडे नसावी, दुसऱ्याकडे असावी. वही मागितल्यावर "माझ्यावर भरोसा नाही का?" असं उत्तर आलं तर मी पुढे वाद घालत नाही. बाहेर.

आवाजावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण लोक ही तक्रार करायला लाजतात. दहा बाय बाराच्या खोलीत ड्रमसेट असला की गिटारवाला आवाज वाढवतो, मग कीबोर्डवाला, मग गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून माइक वाढतो. अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामगारांसाठी जे प्रमाण देते ते असं: 85 डेसिबल आवाजात आठ तास चालतील, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. लहान खोलीत ड्रमजवळ 100 पर्यंत जायला काही लागत नाही, मोबाईलवरचं फुकट ॲपही अंदाज देतं. प्रॅक्टिसनंतर घरी जाऊन झोपेपर्यंत कानात 'सूंऽ' वाजत असेल तर ती सूचना समजा. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

आधी उपाय करून पाहा. बेसचा अँप कोपऱ्यात जमिनीवर असेल तर खोली नुसती घुमते, तो कोपऱ्यातून काढून खुर्चीवर, आपल्या कानाकडे तोंड करून ठेवा. तुम्हाला नीट ऐकू आलं की तुम्ही आपोआप आवाज कमी करता. ड्रमरला जाड काठ्यांऐवजी रॉड्स (बारीक काड्यांची जुडी, आवाज कमी होतो) द्या. भिंतींना जुनी ब्लँकेटं लावा. कानात इअरप्लग घाला. एवढं करूनही कोणी "म्हातारा झाला का बे?" म्हणत नॉब उजवीकडेच फिरवत असेल, तर दोस्ती कितीही जुनी असो, निघा.

मग पट्टी. ही बेसवाल्यांची आणि गिटारवाल्यांची जुनी जखम आहे. कार्यक्रमाच्या आधी दहा मिनिटं गायक म्हणतो, "आज घसा बसला, अर्धी पट्टी खाली घ्या." कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबतो आणि हात पहिल्याच जागी ठेवून वाजवतो. त्याचं झालं. बेसवर सगळ्यात खालचा सूर म्हणजे मोकळी, म्हणजे बोट न दाबता वाजवलेली ई तार, साधारण 41 हर्ट्‌झची. गाणं ई मध्ये बसवलं असेल आणि ते अर्ध्याने खाली आलं तर जो सूर हवा तो चार तारांच्या बेसवर नाहीच. एक तर सप्तक वर जाऊन वाजवायचं, म्हणजे सगळं वजन गेलं, नाही तर स्टेजवर चारही तारा ढिल्या करून जुळवायच्या. मोकळ्या तारेवर बसवलेली सगळी चाल मोडते ती वेगळीच.

घसा बसणं माणसाच्या हातात नसतं, एखाद्या वेळी हे सगळेच सांभाळून घेतात. पण प्रत्येक कार्यक्रमात हेच होत असेल तर तुमच्या वाजवण्याला कोणी काम समजत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही तक्रार बोलून दाखवण्यासारखी आहे आणि तिच्यावर काय उत्तर येतं त्यावरून बरंच ठरतं.

कोणती गाणी वाजवायची यावरचे वाद मात्र बोलून मिटत नाहीत. तुम्हाला स्वतःची गाणी करायची आहेत आणि बाकीच्यांना सोसायटीच्या गणपतीत टाळ्या हव्या आहेत. दोघांचंही बरोबर आहे. तसंच ट्रॅकचं, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीचं. नागपुरात कराओके ग्रुप भरपूर झाले, हॉल घेऊन वर्गणी काढून लोक गातात, आणि गायकाला वाटू लागतं की पाच डोकी सांभाळण्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा. तुमच्या बँडमध्ये अर्धी गाणी ट्रॅकवर व्हायला लागली आणि तुम्ही त्यावर नुसते दिसायला उभे राहत असाल, तर बँडच तुम्हाला सोडून गेला आहे.

बँडमधल्या मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. कोणाच्या बोलण्याचा, हात लावण्याचा, रात्री घरी सोडून देण्याच्या आग्रहाचा त्रास होत असेल, तर या लेखातल्या कसोट्या तुमच्यासाठी नाहीत. रेकॉर्डिंग ऐकायची गरज नाही, दिवाळीची वाट पाहायची गरज नाही, घेतलेल्या तारखाही पूर्ण करायच्या नाहीत.

बोलायचं कसं

बँड जो चालवतो त्याच्याशी, एकट्याशी, सकाळी. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, प्रॅक्टिसच्या खोलीत नाही आणि कार्यक्रमानंतर तर मुळीच नाही. मी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर बोलावतो. उभं राहून खायचं असतं, तर्रीने नाक वाहत असतं, फार मोठं भाषण कोणालाच देता येत नाही.

या बँडमध्ये सोडायची वेळ आली होती, तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. "दादा, पट्टी प्रॅक्टिसलाच पक्की करून टाकू. वहीत लिहू. स्टेजवर बदलायची नाही."

"अन् घसा बसला तं?"

"तं ते गाणं त्या दिवशी काढून टाकू. दुसरं घेऊ."

तो थोडा वेळ पोहे खात राहिला. "एवढ्यासाठी रुसून बसला होता काय बे?"

एवढ्यासाठीच. मी पुढची संक्रांत ही मुदत मनात धरली, त्याला सांगितली नाही. मधल्या कार्यक्रमांत एकदा पट्टी बदलली, पण त्याने आधी माझ्याकडे येऊन विचारलं. मी राहिलो ते त्या विचारण्यामुळे.

तुम्हीही एकच गोष्ट मागा, लहान आणि डोळ्यांना दिसेल अशी. "सगळ्यांनी सिरियस व्हावं" हे मागणं नाही. "सातची प्रॅक्टिस सात वाजता" हे मागणं आहे. "नाही तर मी सोडतो" हे वाक्य वापरू नका. सोडायचं असेल तर सोडा, पण धमकी एकदा दिली की पुढे तुमच्या प्रत्येक बोलण्याकडे लोक तसंच पाहतात.

अर्धवट राहण्याचा पर्यायही लोक काढतात. "मी ग्रुपमध्ये आहे, पण बोलावलं तर येईन." मला हे पटत नाही. तुमच्या भरवशावर दुसरा बेसवाला शोधला जात नाही, आणि तुम्ही प्रॅक्टिस न करता स्टेजवर जाता. एका सीझनची सुट्टी घेणं चालतं, पण तुमच्या जागी माणूस देऊन आणि परत यायचा महिना सांगून.

निघायचं ठरलं तर

घेतलेल्या सुपाऱ्या पूर्ण करा, निदान ज्यांचा इसार घेतलाय त्या तरी. पुढच्या तारखा घेण्याआधी सांगा. कारण एका वाक्यात: "माझा रविवार आता दुसरीकडे लागतो" किंवा "मला वेगळी गाणी करायची आहेत." कागदावर लिहिलेली ती लांब यादी वाचून दाखवू नका, जाणाऱ्याच्या तक्रारी कोणी दुरुस्त करत नसतं.

सामायिक सामानाची यादी करा. मिक्सर, स्टँड, केबल, डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी), कोणी किती दिले. आपला वाटा परत मागायचा की नाही हे आधीच ठरवा. पाच वर्षं वापरलेल्या मिक्सरचा सहावा हिस्सा मागून काही फार हाती येत नाही, मी सोडून दिला. स्वतःची केबल मात्र आणा, आणि आणण्याआधी टेप लावून नाव लिहिलेलं आहे ना ते बघा, काळ्या केबली सगळ्या सारख्याच दिसतात.

तुमची कॉर्डची वही पुढच्या माणसाला द्या. कोणतं गाणं कोणत्या पट्टीत, कुठे थांबायचं, शेवट कसा, सगळं.

बँडने स्वतःची गाणी केली असतील तर निघण्याआधी कोणत्या गाण्याची चाल कोणाची आणि शब्द कोणाचे हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात चालीचा कर्ता आणि शब्दांचा कर्ता वेगळे धरतात, आणि हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. आज हे हास्यास्पद वाटेल. पण गाणं यूट्यूबवर चाललं की कोणालाच काही आठवेनासं होतं, आणि चहावर झालेल्या गोष्टींना साक्षीदार नसतो.

व्हॉट्सॲप ग्रुप त्याच रात्री सोडू नका. आधी प्रत्येकाला फोन करा, ड्रमरला सगळ्यात आधी, कारण बेसवाला गेल्याचा खड्डा त्यालाच पडतो. मग ग्रुपवर दोन ओळी, मग खोलीचं चालू महिन्याचं भाडं, मग एक्झिट.

पहिले काही रविवार घरात करमणार नाही. लगेच दुसरा बँड धरू नका. मी त्या दिवसांत घरी एकटाच मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र) लावून बसायचो आणि कळलं की माझा ठेका इतकी वर्षं ड्रमरच्या आधाराने उभा होता.

आणि जुना बँड दोन-चार महिन्यांनी फोन करेलच. सायंटिफिक हॉलला कार्यक्रम आहे, नवीन बेसवाल्याला ताप आला, भाऊ फक्त एवढा एक. जावंसं वाटलं तर जा, त्यात कमीपणा नाही. फोनवरच तीन गोष्टी विचारून घ्या: गाण्यांची यादी कधी मिळेल, पट्टी पक्की झाली का, आणि अँप कोण आणणार.